तिशीतला खुबा

खुबा बदलून घरी सोडताना रुग्णालय जी फाईल देतं, तिच्यावर सूचनांचा एक कागद स्टेपल केलेला असतो. खुर्चीत कसं बसायचं, अंथरुणातून कसं उठायचं, वॉकर कसा धरायचा, याची त्यावर चित्रं असतात. कोथरूडला राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या बत्तीस वर्षांच्या एका बाईंनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. चित्रातल्या गृहस्थांना टक्कल होतं, चष्मा होता, पायात घरात घालायच्या सपाता होत्या. "या आजोबांना सकाळी पंचिंग गाठायचं नाही," त्या म्हणाल्या. "डबे भरायचे नाहीत. कडेवर घे म्हणून यांच्या मागे कुणी लागत नाही. हे हळू चालले तरी कुणाचं काही अडत नाही. मला हा कागद कुठवर पुरणार?"

या लेखासाठी ज्या रुग्णांशी बोलले, त्यांतल्या कुणीही चाळिशी ओलांडलेली नाही. बोलायला सगळे तयार होते, फक्त नाव छापायचं नाही म्हणाले. एकाच्या घरी लग्नाचं बघत होते. दुसऱ्याला भीती, की ऑफिसात कळलं तर साईटवर पाठवणं बंद होईल आणि मग बढतीही. सत्तरीच्या आईचा खुबा बदलला की मुलं सोसायटीभर कौतुकाने सांगतात. तिशीतल्या मुलाचा बदलला की तेच घर 'जरा पायाला लागलंय' म्हणून वेळ मारून नेतं.

युरोप-अमेरिकेत खुबा बदलणाऱ्यांत मोठा भरणा साठी-सत्तरीच्या लोकांचा असतो. सांधा वयाने झिजलेला असतो, निवृत्ती झालेली असते. आपल्याकडच्या अस्थिरोगाच्या ओपीडीत या शस्त्रक्रियेसाठी बसलेला माणूस पुष्कळदा मोटारसायकलवरून आलेला, पस्तिशीचा असतो आणि त्याच्या फाईलवर एव्हीएन ही तीन अक्षरं असतात. अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस हे त्याचं पूर्ण नाव. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक. त्या अडल्या की गोळ्याचं हाड आतल्या आत मरतं. वाळवी लागलेल्या चौकटीसारखा तो बाहेरून बरेच दिवस शाबूत दिसतो आणि मग भार पेलवेनासा झाला की खचतो. पुष्कळ रुग्णांत एक बाजू सापडली की दुसरीही सापडते.

वाहिन्या अडण्याची कारणं बरीच आहेत. भरपूर आणि दीर्घकाळची दारू हे एक. अपघातात मांडीच्या हाडाची मान मोडली किंवा सांधा निखळला, तर तेही कारण होतं. पण ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकलं ते कारण स्टिरॉइडचं. कोथरूडच्या बाईंना 2021 च्या दुसऱ्या लाटेत करोना झाला, ऑक्सिजन खाली गेला आणि स्टिरॉइडवर त्या वाचल्या. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. "तेव्हा ते दिलं नसतं तर आज खुब्याची चर्चा करायला मी नसते," हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करोनानंतर एव्हीएन झालेले तीन रुग्ण 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये नोंदवले. एव्हीएन व्हायला साधारण दोन हजार मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड लागतं, असं तोवरच्या लिखाणात धरलं जाई. या तिघांच्या पोटात सरासरी साडेसातशेच्या आसपास गेलं होतं आणि दुखणं दोन महिन्यांच्या आतबाहेर सुरू झालं होतं.

करोनाचं स्टिरॉइड निदान कागदावर तरी होतं. सातारा जिल्ह्यातले एक एसटी वाहक भेटले, वय छत्तीस. त्यांना लहानपणापासून दमा. तालुक्याच्या गावातल्या एका माणसाकडून पुड्या आणायचे. "दुसऱ्या दिवशी छाती मोकळी, भूक लागायची, चेहरा भरायचा. आई म्हणायची, देवमाणूस आहे." पुडीत काय होतं हे सात-आठ वर्षं कुणी विचारलं नाही. खुबा गेल्यावर शहरातल्या डॉक्टरांनी भरलेला गोल चेहरा आणि पोटावरचे जांभळे पट्टे पाहून ओळखलं. दम्याच्या, सांधेदुखीच्या, अंगावरच्या खाजेच्या आणि वजन वाढवायच्या अशा पुड्या महाराष्ट्रात सर्रास मिळतात. लगेच गुण येतो हीच त्यांची जाहिरात, आणि लगेच गुण येतो म्हणूनच त्यांचा संशय यायला हवा.

विदर्भात सिकलसेल हे कारण जोडीला येतं. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि गोळ्याचं रक्त तुटतं. गडचिरोलीची चोवीस वर्षांची एक मुलगी नागपूरला शस्त्रक्रिया करून आली आहे. तिच्या लेखी खुबा हा मोठ्या आजारातला एक छोटा प्रसंग. आधी रक्त चढवलं, पाणी आणि ऑक्सिजन जपला, थंडी वाजू दिली नाही. जंतुसंसर्गाची भीती इतरांपेक्षा जास्त म्हणून मुक्काम वाढला. ती फार बोलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, की आता दुखतं ते फक्त सिकलसेलचं दुखतं.

यातली चीड आणणारी गोष्ट म्हणजे निदानाला लागणारा वेळ. खुब्याचं दुखणं खुब्यावर हात ठेवून कुणी दाखवत नाही. ते जांघेत दुखतं, मांडीतून खाली येतं, कधी थेट गुडघ्यात जाणवतं. वाहकांच्या गुडघ्याला महिनाभर शेक दिला गेला, मग कमरेचा पट्टा आला, मग 'मणक्यात गॅप आहे' झालं. साधा एक्स-रे सुरुवातीच्या टप्प्यात निर्दोष येऊ शकतो. एमआरआयमध्ये मात्र एव्हीएन लवकर दिसतो. लवकर सापडला आणि गोळा खचलेला नसला, तर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करणारी शस्त्रक्रिया करता येते, काही डॉक्टर हाड टिकवणारी औषधं देतात, आणि काहींचा मूळ सांधा वर्षानुवर्षं टिकतो. गोळा एकदा खचला की मार्ग बहुतेक वेळा एकच उरतो. तेव्हा पूर्वी स्टिरॉइड घेतलेल्या तरुण माणसाची जांघ दुखायला लागली आणि पाय आत वळवताना कळ आली, तर कंबरेच्या मलमावर महिने घालवू नयेत.

आता या शस्त्रक्रियेचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण तरुणांच्या वाट्याला आलेला सगळा घोळ त्यात आहे. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली. चालायला लागलेले रुग्ण दोन-तीन वर्षांत परत आले, वाट्या झिजल्या होत्या आणि झिजेचा चुरा आजूबाजूचं मांस-हाड बिघडवत होता. हा चुरा शरीरात काय करतो हे पाहायला चार्नलींनी टेफ्लॉन स्वतःच्याच मांडीत घालून घेतलं. नोव्हेंबर 1962 मध्ये त्यांनी दाट पॉलिथिलीनची वाटी, मांडीच्या हाडात बसणारा पोलादी दांडा, जेमतेम 22 मिलिमीटरचा गोळा आणि दंतवैद्यकातून आलेलं अॅक्रिलिक सिमेंट अशी जोडणी बसवली. आज जगभर चालतो तो खुबा त्याच वंशातला. स्वतः चार्नली मात्र तरुणांवर ही शस्त्रक्रिया करायला नाखूश असत. माणूस जितका चालेल तितकं पॉलिथिलीन झिजणार. त्याचा डोळ्याला न दिसणारा चुरा शरीरातल्या पेशी गिळतात, आणि त्या गडबडीत भोवतालचं हाडच विरघळतं. दांडा सैल होतो. सत्तरीच्या माणसाचं आयुष्य या हिशेबात बसे, तिशीच्या माणसाचं बसत नसे.

त्यामुळे कित्येक वर्षं तरुणांना एकच उत्तर मिळे, पन्नाशीपर्यंत काढा. काठी घेऊन, गोळ्या खाऊन, लंगडत. ऐन उमेदीची वीस वर्षं अशी गेलेली माणसं तुमच्याही ओळखीत असतील. 1990 च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गाने घट्ट केलेलं, फार कमी झिजणारं पॉलिथिलीन आलं. सिरॅमिकचे गुळगुळीत गोळे आले. सिमेंटशिवाय बसणारे, ज्यांच्या खरखरीत पृष्ठभागात हाडच वाढून शिरतं असे दांडे रुळले. मग तरुणांना थांबवून ठेवण्याचं कारण कमी झालं. कमी झालं, संपलं नाही.

किती टिकतं, हा प्रश्न प्रत्येक तरुण रुग्ण विचारतो आणि बहुतेकांना 'वीस-पंचवीस वर्षं आरामात' असं मोघम उत्तर मिळतं. 2019 मध्ये 'लॅन्सेट'ने वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून आकडे दिले. पंधरा वर्षांनी शंभरातले सुमारे 89 खुबे टिकले होते, वीस वर्षांनी 70 आणि पंचवीस वर्षांनी 58. हे खुबे अर्थातच जुन्या काळात बसवलेले, आजचे त्याहून बरे ठरावेत. पण त्यांतले बरेचसे उतारवयाच्या माणसांचे होते, हेही विसरू नये. त्याच नियतकालिकात 2017 मध्ये ब्रिटनचा दुसरा अभ्यास आला होता. सत्तरीनंतर खुबा बदललेल्याला आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास. पन्नाशीच्या सुरुवातीला खुबा किंवा गुडघा बदललेल्या पुरुषांत ती 35 टक्क्यांपर्यंत जाते. बत्तिशीच्या बाईला ऐंशी वर्षांचं आयुष्य धरलं, तर तिचा खुबा अठ्ठेचाळीस वर्षं टिकायला हवा. साध्या भाषेत सांगायचं तर ती पुन्हा एकदा टेबलावर जाणार आहे, असं धरून चाललेलं बरं. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा लांबते, महाग पडते, हाड कमी उरलेलं असतं आणि निकाल पहिल्याइतका चोख येत नाही. हे कोथरूडच्या बाईंना पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधी कुणीतरी खुर्ची ओढून बसून सांगायला हवं होतं. त्यांना ते रिकव्हरी रूममधल्या नर्सकडून कळलं.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची. त्या दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी रुग्णाला उभं करतात. आणि इथे एक चमत्कार घडतो, त्याचं वर्णन सगळ्यांनी जवळजवळ त्याच शब्दांत केलं. टाके दुखतात, मांडी सुजून लाकूड झालेली असते, पण 'ते' दुखणं गेलेलं असतं. वर्ष-दोन वर्षं रात्री कूस बदलताना जागं करणारी ती कळ नसते. वाहक म्हणाले, वॉकर धरून संडासापर्यंत गेलो आणि तिथे रडलो, बायकोला वाटलं दुखतंय.

दुखणं असं एका रात्रीत जातं हीच तरुणांच्या बाबतीत पंचाईत. पुण्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट बाई वीस वर्षं हेच काम करतात. त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्यांना मला ढकलावं लागतं, तरुणांना धरून ठेवावं लागतं. आजी पाऊल टाकायला घाबरतात. हा पठ्ठ्या तिसऱ्या आठवड्यात काठी टाकून गणपतीच्या मिरवणुकीत जातो." आतला दांडा हाडाने पकडायला दीड ते तीन महिने लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही, दुखत नाही, म्हणून सगळं झालं असं वाटतं. शिवाय बहुतेक ठिकाणी खुबा मागच्या बाजूने उघडतात. त्या बाजूचे स्नायू आणि सांध्याचं वेष्टण भरून येईपर्यंत गोळा वाटीतून निसटू शकतो. तेव्हा पहिले दीड ते तीन महिने तीन गोष्टी वर्ज्य. गुडघा कमरेच्या वर जाईल इतकं वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

व्यायाम दिसायला फालतू असतात. पाऊल वरखाली करणं, कुल्ले आवळून धरणं, टाच अंथरुणावरून सरकवत गुडघा मुडपणं. मग उभं राहून पाय बाजूला उचलणं. हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कंटाळवाणा. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला कुल्ल्यात जो स्नायू असतो, तो एका पायावर उभं राहिल्यावर कंबर सरळ धरतो. वर्षभर लंगडल्यामुळे तो आटलेला असतो. नवा सांधा कितीही सुरेख बसला तरी हा स्नायू परत येईपर्यंत माणूस डुलतच चालतो, आणि घरच्यांना वाटतं ऑपरेशन फसलं. कोथरूडच्या बाईंना आपला ऑपरेशनचा पाय लांब झालाय असंही पहिले काही आठवडे वाटत होतं. त्यांनी शिंप्याकडे जाऊन सलवारीची एका पायाची मोहरी खाली सोडायचं ठरवलंही होतं. फिजिओबाईंनी टेपने मोजून दाखवलं, पाय सारखेच होते. खचलेल्या गोळ्यामुळे इतके दिवस आखूड झालेला पाय मूळ लांबीवर आला होता आणि कमरेला ती लांबी नवी होती. अशा वेळी बुटात टाच वाढवून घेऊ नये. थांबलं की बहुतेकांचं आपोआप जुळतं.

सूचनांच्या कागदावर जे नसतं ते इथून पुढे सुरू होतं. आपलं जगणं जमिनीवर आहे. सत्यनारायणाला पाट, हळदीकुंकवाला सतरंजी, गावाकडे उकिडवं बसायचा संडास, दिवाळीत पहाटे अभ्यंगस्नानाला पुन्हा पाट. वाहकांच्या गावच्या घरी कमोड नव्हता. भावाने प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून ती भांड्यावर ठेवली, पाय हलू नयेत म्हणून विटांत बसवली. तिच्यावर दोन महिने निघाले, मग पगारातून कमोड बसला. कोथरूडच्या बाईंची अडचण वेगळी. सुनेने पाडव्याला वाकून पाया पडायचं नाही, हे सांगायचं कुणी आणि किती जणांना? त्यांनी हात जोडून नमस्कार केला. एका काकूंनी 'आजकालच्या मुली' असं म्हणायला सुरुवात केली आणि सासूबाईंनी तिथल्या तिथे गप्प केलं. मांडी घालून बसता येतं का? तीन महिन्यांनंतर, स्नायू सुटल्यावर पुष्कळ तरुणांना डॉक्टर परवानगी देतात, काहींना देत नाहीत. ते कोणत्या बाजूने उघडलं, गोळा केवढा बसवला, वाटीचा कोन काय, यावर ठरतं. तेव्हा शेजाऱ्याला चालतं म्हणून आपल्याला चालेल असं नाही. उकिडवं बसणं मात्र बहुतेक सर्जन कायमचंच टाळायला सांगतात.

दुचाकीबद्दलही कागद गप्प असतो, आणि पुण्यात दुचाकीशिवाय माणूस कसा जगणार हे त्या टकलू आजोबांनाच माहीत. उजवा खुबा बदललेल्या माणसाला मोटारसायकलवर डावीकडून टांग टाकताना नेमका तोच पाय हवेत फिरवावा लागतो. फिजिओबाई आधी पलंगाच्या कडेवर ती हालचाल शिकवतात, मग स्टँडवर उभ्या गाडीवर. किक मारणं बंद, सेल्फ स्टार्टच. साडी नेसून मागे एका बाजूला बसणंही सुरुवातीला नको, त्यात खुबा वेडावाकडा पिळतो.

आणि शेजेचं काय? हा प्रश्न एकाही रुग्णाने डॉक्टरांना विचारला नव्हता, एकाही डॉक्टरने आपणहून काढला नव्हता. नवरा-बायको दोघंही घाबरून महिनोन्महिने वेगळे झोपतात. खरं उत्तर एका वाक्याचं आहे. साधारण सहा आठवड्यांनी, वर सांगितलेले तीन निर्बंध पाळून, हरकत नसते. ते वाक्य छापायला रुग्णालयांना कसली लाज वाटते? तीच गोष्ट बाळंतपणाची. खुबा बदललेल्या बाईला सिझेरियनच करावं लागतं असा समज घरोघरी आहे. केवळ कृत्रिम खुबा आहे म्हणून नैसर्गिक बाळंतपण टाळायचं कारण नसतं. स्त्रीरोगतज्ज्ञाला आधी सांगायचं, म्हणजे पाय किती फाकवायचे आणि कसे टेकवायचे याची काळजी घेतली जाते. लग्न ठरताना मुलीकडचे ज्या एका भीतीने आजार लपवतात, ती भीती एवढ्याने अर्धी होईल.

पैशांचं दुखणं पायाच्या दुखण्याहून चिवट. तरुणाला सिरॅमिकचा गोळा आणि चांगलं पॉलिथिलीन सुचवलं जातं, ते महाग असतं, आणि किंमत रुग्णालयागणिक बदलते. 2017 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांना कमाल किंमत ठरवून दिली, खुबा त्या आदेशात नव्हता. विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत सांधेबदलासाठी दोन-तीन वर्षांचा थांबा असतो, आणि तिशीत ही कलमं कोण वाचतं? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला आजार, आपली शस्त्रक्रिया आणि सुचवलेला सांधा बसतो का, हे दाखल होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला लेखी विचारावं. वाहकांना पाच महिने बिनपगारी रजा पडली. आता ते पुन्हा गाडीवर आहेत. घाटात बस वळताना पाठ सीटच्या दांड्याला टेकवून, ऑपरेशनच्या पायावर भार कमी ठेवून तिकिटं फाडतात. प्रवासी त्यांना काही म्हणत नाहीत, कारण कुणालाच कळत नाही. न कळण्याचीही एक किंमत असते. धडधाकट दिसणारा तरुण बसमध्ये जागा मागतो तेव्हा लोक आधी त्याच्या पायाकडे आणि मग तोंडाकडे बघतात.

तरुण रुग्ण भेटला की टेनिसपटू अँडी मरेचं नाव निघतंच. जानेवारी 2019 मध्ये एकतिसाव्या वर्षी त्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच ऑक्टोबरात त्याने अँटवर्पची स्पर्धा जिंकली. खरी गोष्ट आहे. पण त्याचा खुबा बदललेला नाही, त्याच्या गोळ्यावर धातूची टोपी बसवलेली आहे. या शस्त्रक्रियेला रीसरफेसिंग म्हणतात. त्यासाठी गोळ्याचं हाड भक्कम असावं लागतं. एव्हीएनमध्ये मेलेलं हाड फार असेल तर टोपी कशावर बसवणार? लहान हाडाच्या बायकांतही तिचे निकाल चांगले नाहीत. मरेचे व्हिडिओ बघून धावायला सुरुवात करणाऱ्यांना फिजिओबाई पोहायला पाठवतात. पोहणं, सायकल, चालणं, डोंगराची सोपी वाट यांना सहसा हरकत नसते. उड्या, धावणं आणि पथकातला ढोल कमरेला बांधून तासन्‌तास नाचणं यांनी खुब्याचं आयुष्य कमी होतं. तरीही करायचं असेल तर किंमत माहीत असून करावं.

धातूच्या गोळ्यावर धातूचीच वाटी, ही कल्पना आपल्या देशात फार महाग पडली आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या कंपनीचा एएसआर नावाचा खुबा जोमदार, तरुण रुग्णांसाठी म्हणूनच विकला गेला. त्याच्या घर्षणातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरू लागलं, मांस सडू लागलं, खुबे वेळेआधी काढावे लागले. ऑस्ट्रेलियात प्रत्येक कृत्रिम सांध्याची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते, तिथे धोका आधी दिसला आणि डिसेंबर 2009 मध्ये तो बाजारातून निघाला. जगभरातून तो ऑगस्ट 2010 मध्ये मागे घेतला गेला. भारतात सुमारे 4,700 शस्त्रक्रियांत तो बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रकरण लावून धरलं, केंद्राने 2017 मध्ये तज्ज्ञ समिती नेमली, 2018 च्या नोव्हेंबरात 30 लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपासपर्यंत भरपाईचं सूत्र ठरलं, कंपनी न्यायालयात गेली. या सगळ्यात एक गोष्ट मला सर्वांत भयंकर वाटते. 4,700 मधल्या बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागला नाही. आपल्या मांडीत काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि ते कोणाच्या मांडीत आहे हे सरकारला माहीत नव्हतं. स्वीडनने खुब्यांची राष्ट्रीय नोंद 1979 मध्ये सुरू केली. आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेने ऐच्छिक नोंद चालवली आहे, पण प्रत्येक रुग्णालयावर सक्ती नाही.

सत्तरीच्या माणसाला कदाचित या नोंदीची गरज पडणार नाही. तिशीतल्याला पडणार, हे वरच्या आकड्यांवरून उघड आहे. पंचवीस वर्षांनी दुसऱ्या गावातला, आज शाळेत असलेला एखादा सर्जन तो खुबा उघडेल, तेव्हा त्याला आतला दांडा कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, हे कळायला हवं. गोळा आणि वाटी कशाची, हेही. नाहीतर दांडा काढायचं योग्य हत्यार मागवता येत नाही, आणि चांगला बसलेला दांडाही केवळ जुळणारा गोळा न मिळाल्याने उपटावा लागतो. शस्त्रक्रियेत वापरलेल्या प्रत्येक भागाच्या खोक्यावर बॅच क्रमांकाची स्टिकर्स असतात, ती फाईलमध्ये एका पानावर चिकटवलेली असतात. कोथरूडच्या बाईंच्या फाईलमध्ये ते पान होतं. वाहकांच्या फाईलमध्ये नव्हतं, त्यांनी अर्ज करून मिळवलं.

तुमचा, तुमच्या मुलाचा किंवा सुनेचा खुबा बदलला असेल तर ते पान शोधा, फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, आणि काही दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने एक्स-रे काढत राहा, कारण हाड विरघळतं ते बराच काळ न दुखता. पान नसेल तर रुग्णालयात आजच लेखी मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून 72 तासांत कागद द्यावे लागतात. त्याच नियमांप्रमाणे डॉक्टरने ते जपून ठेवायची मुदत मात्र फक्त तीन वर्षांची आहे.